माल वाढतोय

मला बरीच वर्षं एकच स्वप्न अधूनमधून पडतं. चाकणच्या आमच्या कंपनीच्या गेटवर सकाळच्या शिफ्टची रांग लागली आहे आणि रांगेत माणसांऐवजी झाडं उभी आहेत. एकेक झाड पुढे येतं, हजेरीच्या मशीनवर पान टेकवतं, मशीन टुणकन वाजतं आणि झाड आत जातं. शेवटचं झाड मात्र दर वेळी अडतं. वॉचमन त्याला बाजूला घेऊन विचारतो, "तुमचा पार्ट नंबर काय?" झाड खाली बघतं आणि मला जाग येते.

मी निवृत्त झाले हे त्या स्वप्नाला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

आमची कंपनी गाड्यांचे अ‍ॅक्सल बनवायची, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा. मी तिथे झाडं सांभाळायचे. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण कारखान्याला आपल्या जागेचा काही भाग हिरवा ठेवावा लागतो, आणि तो हिरवा राहील हे बघायला कुणीतरी लागतं. शेतकीची पदवी घेतलेली मी ते कुणीतरी होते. माझ्या पदाचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण सगळे म्हणायचे 'बागवाल्या मॅडम'. मला कुठल्या खात्यात बसवायचं हे शेवटपर्यंत न ठरल्यामुळे माझं टेबल आग विझवायच्या वाळूच्या बादल्यांशेजारी राहिलं.

गिऱ्हाइकं मात्र भरपूर. कुणाच्या घरचा कढीपत्ता सुकला की त्याची काडी डब्याच्या पिशवीतून माझ्या टेबलावर यायची. एक फिटर तर आजारी मोगरा कुंडीसकट कंपनीच्या बसमधून घेऊन आला. कुंडी त्याने खिडकीशी बसवली आणि स्वतः उभा राहून आला. परदेशी पाहुणे यायच्या दिवशी ऑफिसातल्या एका गृहस्थांनी सकाळीच विचारलं, दुपारपर्यंत हिरवळ आणखी हिरवी होईल का? मी म्हटलं, होईल, रंग लावला तर. "कुठली शेड चांगली दिसेल?" असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

मी आकुर्डीला राहते. सकाळच्या बसमध्ये अर्धी माणसं झोपलेली असायची आणि उरलेली नुसती डोळे उघडे ठेवून बसलेली. मी दुसऱ्या प्रकारातली. खिडकीबाहेर शेडमागून शेड जायची, चाकण जवळ आलं की कांद्याच्या ट्रकांचा वास यायचा, आणि त्या वासात माझ्या डोळ्यांसमोर नसलेली झाडं उगवायची. कारखान्याच्या मागे एक मोठी मोकळी जागा होती, तिथे. रोज तीच जागा, झाडं रोज वेगळी. कधी बांबूचं बेट, कधी करंज, कधी नावच न सांगता येणारं काहीतरी, ज्याच्या सावलीत माणसं डबे उघडून बसली आहेत. बस थांबायची आणि ती सगळी राई मला तिथेच सोडून उतरावं लागायचं.

ती मोकळी जागा सर्जेरावांची होती. म्हणजे कंपनी यायच्या आधी. जमीन गेली, मोबदला मिळाला, मुलांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. घरी काही कमी नव्हतं. तरी सर्जेरावांनी कंपनीत माळ्याची नोकरी धरली. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "बाई, गेटावरनं आत यायला पास लागतो. मला माज्याच रानात यायचंय, मग ह्यो खाकी शर्ट घातला. काय वाईट हाय?" त्या जागेच्या एका कोपऱ्यात त्यांचं जुनं खळं होतं. पिढ्यान्‌पिढ्या मळणीचे बैल फिरून फिरून तिथली जमीन दगडासारखी झाली होती. दुपारी डबा खाऊन सर्जेराव त्या खळ्यावर जाऊन बसायचे.

मग आमचे प्लांट हेड, आम्ही त्यांना नुसते 'साहेब' म्हणायचो, उत्तरेकडे एका कामाला गेले आणि पॉप्लरच्या प्रेमात पडून आले. तिकडे शेतातून पॉप्लरच्या सरळ रांगा असतात, प्लायवूडसाठी लावतात. साहेबांनी फोटो दाखवले. धुक्यात उभी असलेली ती झाडं खरंच इतकी सुंदर होती की मी पण क्षणभर विरघळले. "मागच्या जागेत हेच लावा," साहेब म्हणाले, "आपल्या पॅलेटचं लाकूड आपणच पिकवू." पॅलेट म्हणजे माल ज्यावर रचून पाठवतात ती लाकडी चौकट. आमच्याकडे ढिगांनी लागायची.

मी म्हटलं, पॉप्लरला कडक थंडी लागते, इथे तग धरणार नाही. आपल्याकडे निलगिरीचे चांगले क्लोन मिळतात. क्लोन म्हणजे एखाद्या उत्तम झाडाच्या कोवळ्या फांद्या कापून त्यांना मुळं आणायची. अशी हजार रोपं केली तरी ती सगळी त्या एकाच झाडाची. सर्जेरावांनी हे ऐकलं आणि मान डोलावली. "म्हंजी झेरॉक्स," ते म्हणाले. त्यानंतर आमच्याकडे निलगिरीला कुणी निलगिरी म्हणालं नाही.

साहेबांना झेरॉक्स फारच आवडले. सगळी झाडं एकसारखी, एका मापाची, म्हणजे साहेबांच्या स्वप्नातला कारखानाच. त्यांनी सांगितलं, सगळ्यात वेगाने वाढणारा एकच क्लोन घ्या, आणि पाच-पाच फुटांवर लावा. "मशीन शॉपवर एक फूट जागा रिकामी दिसली तरी मी कारण विचारतो, मॅडम. इथे तुम्ही म्हणता तशी दहा फूट कशाला सोडायची?"

ही वाद घालण्यासारखी गोष्ट आहे, आणि वाद मला आवडतो. दाट लावलेलं रान पहिल्या वर्षी फार छान दिसतं, जमीन लगेच झाकते. पण शेंडे एकमेकांना भिडले की उजेडासाठी रेटारेटी सुरू होते. सगळी वर जातात, जाड कुणीच होत नाही. बसमध्ये तिघांच्या सीटवर पाच जण बसवले तर माणसं जास्त जातात, पण हातपाय कुणालाच पसरता येत नाहीत. कागदाला लगदा हवा असेल तर दाट लावा, एकूण लाकूड जास्तही मिळेल. फळ्या पाडायच्या असतील तर खोड जाड हवं, आणि त्यासाठी अंतर हवं. आणि एकच क्लोन लावला तर त्याचा आजार हा सगळ्यांचाच आजार. भाऊ-भाऊ असते तर एखादा वाचला असता. इथे एकच माणूस हजार वेळा उभा असतो.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना हवं तेच केलं. माझ्या हट्टापायी एवढं मान्य केलं की एका छोट्या तुकड्यावर वेगळे तीन क्लोन, वेगवेगळ्या रांगांत, प्रयोग म्हणून लावावेत. पुढची अटही सांगितली. तीन वर्षांत फळ्या निघण्याची चिन्हं दिसली नाहीत तर सगळ्या जागेवर डांबर घालून ट्रेलर उभे करायचे.

संध्याकाळी गेटपाशी सर्जेराव म्हणाले, "बाई, बाकीचं जाऊ द्या. पन खळं डांबराखाली गेलं तर दुसऱ्या दिशी मी यायचा न्हाई." त्यांचा आवाज अगदी साधा होता. त्यांच्या न येण्याचा अर्थ मला कळत होता. त्या माणसाला नोकरीवरून कुणी काढत नव्हतं, शेतावरून दुसऱ्यांदा काढत होतं.

आता एक शब्द समजावून सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्या शब्दाने केलं. तो शब्द म्हणजे 'मिक्सिंग'.

पिंपरी-चिंचवडमध्ये कारखान्यात काम केलेल्या कुठल्याही माणसासमोर हा शब्द उच्चारून बघा. दिसायला सारखे पण वेगळे दोन पार्ट एका पेटीत मिसळले की त्याला मिक्सिंग म्हणतात. चुकीचा पार्ट गाडीत बसतो आणि गाडी रस्त्यावर जाते. पार्ट तुटका असला तर दिसतो तरी, मिसळलेला दिसतही नाही. माझे वडील आकुर्डीला दुचाकीच्या कारखान्यात होते. तूरडाळीच्या डब्यात मसूर पडली तरी ते स्वयंपाकघराच्या दारातून "मिक्सिंग!" असं ओरडायचे आणि आई दचकायची. आमच्या कंपनीत तर एकदा असला माल गिऱ्हाइकाकडे पोचला होता आणि साहेबांना स्वतः जाऊन हात जोडावे लागले होते. परत आल्यावर त्यांनी नियम केला. संशयित मालाला लाल खूण करायची, लाल रेघेच्या आत ठेवायचा, आणि क्वालिटी खात्याची सही झाल्याशिवाय तो तिथून तसूभर हलवायचा नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही. हे शेवटचं वाक्य त्यांचं स्वतःचं होतं.

निलगिरीचा पहिला ट्रक आला, एकाच क्लोनची रोपं, सगळी सुरळीत. माझ्या तीन क्लोनांच्या दुसऱ्या ट्रकचा ब्रेक तळेगाव चौकात कुणाला तरी वाचवताना जोरात दाबला गेला आणि आतले ट्रे एकमेकांवर कोसळले. ड्रायव्हर भला माणूस, त्याने सगळी रोपं हाताने गोळा केली, मातीसकट, आणि जिथे जागा दिसली तिथे नीट खोचली. चिठ्ठ्या सगळ्या तळाशी.

कंपनीत गेटातून आत येणारी प्रत्येक वस्तू तपासली जायची. टिकाऊ असो, नाशवंत असो. तपासायला होते क्वालिटीचे माने. लातूरकडचे, उंच, कपडे कायम कडक इस्त्रीचे, हसल्याचं कुणाला आठवत नाही. त्यांनी ट्रेमध्ये वाकून बघितलं, दोन रोपं हातात धरून पानं जुळवली आणि मला विचारलं, "मॅडम, हे तिन्ही वेगळे आहेत नव्हं?"

"हो."

"मग मिक्सिंग आहे." आणि त्यांनी प्रत्येक ट्रेला लाल खूण केली.

मी हसले, मग रागावले, मग अक्षरशः हातापाया पडायचं बाकी ठेवलं. माने हलले नाहीत. रोपं ना लावता येणार, ना परत पाठवता येणार. सही होईपर्यंत माल जसाच्या तसा राहिला पाहिजे, हा नियम. मी म्हटलं, अहो, हा माल पाणी पितो, चार दिवस असाच ठेवला तर मरेल, मग जसाच्या तसा कसा राहील? मानेंना हा मुद्दा कायद्याचा वाटला. बराच विचार करून ते म्हणाले, "मग जमिनीत ठेवा. पण लाल रेघेच्या आत." आणि स्वतः चुन्यात गेरू कालवून त्यांनी जागेच्या कोपऱ्यात एक मोठा चौकोन आखला. तो कोपरा नेमका खळ्याचा होता, कारण बाकी सगळीकडे झेरॉक्स लागले होते.

खळ्यात खड्डा घेणं म्हणजे पहारीने फरशी फोडण्यासारखं. सर्जेरावांचा जीव दोन खड्ड्यांतच मेटाकुटीला आला. त्यांनी मोठी मोठी पावलं टाकत अंतर वाढवलं, इतकं की निम्म्याहून जास्त रोपांना जागाच उरली नाही. ती त्यांनी कुंपणालगत आणि गावातल्या लोकांना वाटली असावीत. मी विचारलं नाही. अशा रीतीने, कुणाचंही डोकं न लागता, आमच्याकडे विरळ लावलेलं मिश्र रान तयार झालं.

पहिल्या वर्षी साहेबांचं रान बघण्यासारखं होतं. मी दुपारी तिथे उभी राहायचे. एक झुळूक आली की सगळी पानं एकदम एकाच बाजूला वळायची, कवायत करणाऱ्या मुलांसारखी. खळ्यावरच्या रोपांचं मात्र काही जमत नव्हतं. एक लांब, एक बुटकं, एकाची पालवी तांबूस, दुसऱ्याची निळसर. वारा आला की प्रत्येक आपापल्या वेळेने हलायचं. तिथे बसलं की डोळे जड व्हायचे आणि मला पुन्हा ती बसमधली राई दिसायची. फरक एवढाच की आता डोळे उघडले तरी ती थोडीफार शिल्लक असायची.

एके दिवशी माने माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. चेहरा गंभीर. "मॅडम, एक अडचण झालीय."

"काय झालं?"

"माल वाढतोय."

माने पुढे म्हणाले, "जसाच्या तसा ठेवायचा होता. काल माप घेतलं, आज फरक आहे." ते चेष्टा करत नव्हते. निदान तेव्हा मला तसं वाटलं. ट्रे तर केव्हाच गेले होते, म्हणून त्यांनी प्रत्येक झाडाच्या खोडावर लाल पट्टा ओढला आणि दुपारचा डबा तिथेच खायला सुरुवात केली. देखरेखीसाठी, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या वर्षी गाठमाशी आली. ही अगदी बारीक माशी कोवळ्या पानाच्या शिरेत अंडी घालते, शीर सुजते, पानं वाकडी होतात, शेंडा खुरटतो. साहेबांचा क्लोन तिला मानवला. एका झाडावर गाठी दिसल्या म्हणजे सगळ्यांवर आल्याच, आणि इतक्या दाटीत फवारा आतपर्यंत पोचतही नव्हता. ज्या झाडांची पानं एकदम वळायची, त्यांची एकदमच मुरडली. खळ्यावरच्या तीन क्लोनांपैकी एकाला माशीने धरलं. बाकी दोन उभे राहिले आणि मेलेल्यांची जागा वापरून आणखी फोफावले.

यावरून मिश्रण केलं की रान जास्त वाढतं असं कुणी समजू नये. बऱ्याचदा वेगवान क्लोन शेजारच्या मंद झाडाच्या डोक्यावर चढतो आणि त्याला दाबून टाकतो. मिश्रण केल्याने एवढंच होतं की सगळी एकदम जात नाहीत. नोकरीत मला याहून मोठं काही कळलेलं नाही. आणि साहेबांच्या त्या झाडांचं मला आजही वाईट वाटतं. त्यांच्यातलं एकही झाड वाईट नव्हतं. प्रत्येकाला जरा लांब, परक्या शेजाऱ्यांत लावलं असतं तर त्यातली कितीतरी आज आभाळाला टेकली असती.

मुदत संपली. झेरॉक्सच्या काठ्या झाल्या होत्या, त्या तोडल्या आणि डांबराचं काम सुरू झालं. साहेब तसे शब्दाचे पक्के. जेसीबी सगळी जागा सपाट करत खळ्यापर्यंत आला. सर्जेरावांनी खाकी शर्टाची वरची दोन बटणं सोडली होती. "उद्या धुवून, घडी करून आनून देतो, बाई," ते शर्टाबद्दल म्हणाले. मला रडू आवरेना.

तेवढ्यात माने आले. हेल्मेट घालून, झपझप चालत. लाल रेघ पुसट झाली होती, पण त्यांना ती दिसत होती. ते बरोबर तिच्यावर उभे राहिले आणि ड्रायव्हरला हात केला. "बंद कर. हा रिजेक्शन एरिया आहे. सहीशिवाय माल हलत नाही."

साहेबांना बोलावणं गेलं. साहेब आले. सगळे बघत होते.

"माने, मग सही करा ना."

"करतो साहेब. तपासणी चालू आहे."

"अहो, तीन वर्षं तपासणी?"

"माल वाढतोय, साहेब. मापं रोज बदलतात. स्थिर झाल्याशिवाय निर्णय कसा देऊ?"

साहेबांनी मानेंकडे बघितलं, झाडांकडे बघितलं, मग माझ्याकडे. नियम त्यांचाच होता, शेवटच्या वाक्यासकट. कोपऱ्याएवढ्या जागेसाठी तो चारचौघांत मोडावा असं त्यांना वाटलं नसावं. "बरं," ते म्हणाले आणि निघून गेले. जेसीबी मागे वळला. सर्जेरावांनी बटणं लावली.

मी मानेंना नंतर एकदाच विचारलं, मुद्दाम केलंत ना? "नियम आहे, मॅडम," ते म्हणाले आणि डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. त्यावर शेंगदाण्याची चटणी होती. निवृत्त होऊन ते गावी गेले तेव्हा निरोपाच्या भाषणात झाडांचा शब्दही नव्हता. सही त्यांनी केली नाही.

एक गंमत सांगायची राहिली. निलगिरी दरवर्षी साल टाकते. वरची साल लांब पट्ट्यांनी सुटून पडते, आतून गुळगुळीत, पांढरं खोड निघतं, आणि सालीबरोबर मानेंचा लाल पट्टाही जातो. खूण गेली की माल संशयित राहत नाही, आणि मग तो कुणीही हलवू शकतं. माने होते तोवर ते नव्याने पट्टा ओढायचे. ते गेल्यावर मी ओढायचे. मी निवृत्त झाले तरी कंत्राटावर टिकून राहिलेल्या सर्जेरावांचा फोन येतो, "बाई, साल उतरली. झाडं समदी पांढरी झाली." मग मी लाल रंगाचा डबा पिशवीत घालून चाकणची बस पकडते.

यंदाही फोन आला. पण या वेळी सर्जेरावांचा आवाज वेगळा होता. नव्या साहेबांना त्या कोपऱ्यात गाड्या चार्ज करायची शेड बांधायची आहे, आणि क्वालिटीला कुणी नवी पोरगी आली आहे, तिला सही करायला सांगितलं आहे. "बाई, लवकर या," एवढंच म्हणाले.

गेटवर पास काढून मी आत गेले. क्वालिटीची ती नवी मुलगी माझ्याबरोबर आली, कारण पाहुण्याबरोबर कुणीतरी लागतं. तिशीही न गाठलेली, टॅब हातात, बोलणं मोजकं. डांबरावर उभ्या असलेल्या ट्रेलरांच्या मधून आम्ही खळ्याशी पोचलो. दुपार होती. दोन मजल्यांच्या वर शेंडे गेले होते, तांबूस आणि निळसर, आपापल्या वेळेने हलत. खाली चार-पाच कामगार डबे उघडून बसले होते, एक जण चक्क झोपला होता. बसमधून मला दिसायचं ते हेच. पण खोडं सगळी पांढरी होती, एकावरही लाल नव्हतं. सर्जेराव गळलेली साल गोळा करत होते, पण त्यांचं लक्ष तिच्याकडेच होतं.

ती बराच वेळ वर बघत राहिली. "मॅडम, यात डिफेक्ट काय आहे?"

"मिक्सिंग," मी म्हटलं.

"तपासणी कुणाची चालू आहे?"

"मानेंची होती."

तिने एका खोडाला हात लावला, हात वर सरकवला, तितक्याच सावकाश खाली आणला. मग टॅब काखेत धरला आणि माझ्या पिशवीकडे बोट केलं. "रंग आणलाय का?"

मी डबा उघडून दिला. तिने ब्रश बुडवला, पहिल्या झाडाला पट्टा ओढला. वाकडा गेला. सर्जेराव सालीचा भारा खाली ठेवून पुढे आले आणि रंग गळू नये म्हणून डबा तिच्या हाताखाली धरून उभे राहिले.